न्हाणीतला गिझर

दुपारी मिस्त्रीने गिझर काढून अंगणात पोत्यावर मांडला. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं; बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. कॉइलवर चुन्यासारखा पांढरा थर चांगलाच चढला होता. "काकू, हा दांडा पाहा," म्हणून त्याने मॅग्नेशियमचा दांडा पुढे केला. दांडा कसला, मधली तार उरली होती. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून तो झिजतो. खाऱ्या पाण्यात जरा लवकरच.

मला बघायच्या होत्या त्या दोन नळ्या. थंड पाण्याची बुडाशीच संपते, गरम पाण्याची पार वरपर्यंत जाते. गरम नळ सोडला की खालून थंड पाणी शिरतं आणि वरचं गरम बाहेर रेटतं. म्हणून छतावरची टाकी रिकामी झाली की गिझर काठोकाठ भरलेला असूनही थेंब देत नाही. तोंडाला साबण लावून आतून ओरडणाऱ्याला हे कोण समजावणार?

आजीचा तांब्याचा बंब असाच. मधल्या नळीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या धडधडायच्या. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर थंड ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी. न ओतता घ्यायची सोयच नव्हती, त्यामुळे बंब कधी कोरडा पडला नाही, सांध्यांचा डाख सुटला नाही. पोरं धुराने डोळे चोळत ओळीने उभी. पाणी फार तापलं की आजी जळती पऱ्हाटी ओढून राखेत खुपसायची. आता ते काम थर्मोस्टॅट करतो, पण तो कोणाच्या पाठीत धपाटा घालत नाही.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॅटच्या कॉइलला वीसेक मिनिटं पुरतात. पाऊण युनिटही जळत नाही. तरी "गिझर बंद केला का?" हे मी घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ओरडते. लाईन गेलेली असली तरी.

मे महिन्यात मात्र सगळं उलटं. छतावरची टाकी अशी तापते की थंड नळाखाली हात धरवत नाही. बंद गिझरमधलं पाणीच काय ते जरा निवलेलं. मग आम्ही लाल खुणेचा नळ उघडून गार पाण्याने आंघोळ करतो. पहिला नंबर लागला तर. दुसऱ्याच्या वाट्याला टाकीतलंच.