सिंहगड घाट, वणव्यानंतर

आज सकाळी सायकलने सिंहगड मारला. गड 1300 मीटरच्या आसपास, आणि गोळेवाडी सोडली की चढ दमच घेऊ देत नाही, सगळ्यात हलका गिअर टाकूनही मांड्या भरून आल्या. पण आज खरा त्रास झाला तो आजूबाजूला बघून. वणव्याने अख्खा उतार काळा पडलाय. एका वळणावर पाणी प्यायला थांबलो तर गवताची नुसती जळकी बुडखी, करवंदाच्या जाळ्या शेंड्यापर्यंत करपलेल्या, जोरात श्वास घेतला की घशात राख, आणि त्यातच एक पांगारा लालभडक फुललेला.

आपल्याकडे वणवा आपोआप क्वचितच लागतो हो, बहुतेक वेळा माणूसच लावतो. कोणी पेटती बिडी फेकतं, कोणी गवत पुढच्या वर्षी चांगलं यावं म्हणून जाळतं, आणि जातात ती जमिनीवरची घरटी, सरडे, कोवळी रोपं, मग पावसात उघडी पडलेली माती पण वाहून जाते. वर पोचून मडक्यातलं दही खाल्लं तरी राग काही गेला नाही. डोंगरावर धूर दिसला तर प्लीज 1926 ला फोन करा, वनविभागाची हेल्पलाईन आहे, नंबर आत्ताच सेव्ह करा.