सीटवर अडकलेली गाडी: माझ्या मॉडची सहावी नोंद

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पुढच्या वेळी गाडी (रेसिंग गेममध्ये बाहेरून घालायचा मॉड, खरी नव्हे) सगळ्यांच्या हातात देतो. नाही दिली. गाडी धावते, वळते, ब्रेक मारला की थांबतेही. अडकली ती ड्रायव्हरच्या सीटवर, अगदी शब्दशः. त्या सीटचं थ्री-डी मॉडेल मी फुकट मिळालं म्हणून उतरवून घेतलं होतं, आणि 'फुकट'च्या खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: असेटो कोर्सा या रेसिंग गेमसाठी एक छोटी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक बनवतोय. मॉडेल ब्लेंडर या थ्री-डी प्रोग्रॅममध्ये, तिथून एफबीएक्स फाइल, मग गेमच्या केएस-एडिटरमधून केएन५, म्हणजे गेमला वाचता येणारी फाइल. गाडी कुठल्याच कंपनीची नाही, डोक्यातली आहे.

सीटचं सांगतोच, पण आधी चांगली बातमी. गेले कित्येक दिवस गाडी वळणावर संशयास्पद गुणी वागत होती. ब्रेक उशिरा मारला तरी सावरून घ्यायची आणि मी स्वतःवरच खूश व्हायचो. शेवटी गाडीचे आकडे ठेवणारी कार डॉट आयएनआय फाइल उघडून एकेक ओळ तपासली. त्यातल्या टोटलमासमध्ये वजन ड्रायव्हरसकट धरायचं असतं, इंधन तेवढं वगळून. मी रिकाम्या गाडीचे ९६० किलो लिहून मोकळा झालो होतो. ७५ किलोचा माणूस बसवला की १,०३५ होतात. म्हणजे इतके दिवस गाडी भूत चालवत होतं.

दुसरी चूक इंजिनात. पॉवर डॉट एलयूटी फाइलमध्ये टॉर्क (फिरवण्याचा जोर) लिहायचा तो चाकांपर्यंत पोचणारा, कारण गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये होणारी गळती गेम वेगळी वजा करत नाही. मी इंजिनवरचे १४० न्यूटन-मीटर जसेच्या तसे चढवले होते. अंदाजे १५ टक्के कापले, ११९ उरले. इटलीतल्या माजोनेच्या अडीच किलोमीटरच्या ट्रॅकवर माझा लॅप दोन सेकंदांनी घसरला आणि गाडी पहिल्यांदा गाडीसारखी वाटली. आता लांब वळणात नाक बाहेर पळतं. पळू दे, फ्रंट व्हील ड्राइव्हचं पळायलाच हवं.

तर सीट. तिच्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठीचे तयार परवाने) बीवाय-एसए परवाना होता: मूळ कर्त्याचं नाव द्या, हवे ते बदल करा, पण तयार होणारी गोष्टही याच अटींवर पुढे द्या. स्टीअरिंग व्हील दुसरीकडून घेतलेलं, त्यावर बीवाय-एनसी: नाव द्या, बदल करा, पण पैसे कमवायला वापरू नका. वेगवेगळे वाचले तर दोन्ही मवाळ वाटतात. एकत्र आले की भांडण सुरू. सीट म्हणते, पुढच्याने विकायला काढलं तरी अडवायचं नाही. स्टीअरिंग म्हणतं, विकू द्यायचंच नाही. आता अख्ख्या मॉडवर मी कुठला परवाना लावू? दोन्ही भाग फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी ठेवलेले असते तर निदान वाद घालता आला असता. मी मात्र फ्रेम रेट वाचवायच्या, म्हणजे गेम अडखळू न द्यायच्या नादात दोघांची टेक्स्चर (वरचं रंगकाम) एकाच चित्रात भरून कॉकपिटचा एकजीव मेश (थ्री-डी आकार) करून टाकला होता. माझ्याच हुशारीने माझीच वाट अडवली.

स्टीअरिंगवाल्याला निरोप पाठवला आहे. मूळ कर्त्याने वेगळी परवानगी दिली तर प्रश्नच मिटतो. स्वतःच्या कामावर तो दुसऱ्या अटी लावू शकतो. उत्तर यायचंय. तोवर हातावर हात ठेवून बसवेना म्हणून सीट स्वतः बनवायला घेतली. तीन संध्याकाळी गेल्या. शिवण अजून प्लॅस्टिकसारखी चमकते, पण ही सीट माझी आहे. (ब्लेंडर स्वतः जीपीएल परवान्यावर, म्हणजे प्रोग्रॅम बदलून वाटला तर त्याच अटींवर द्यायला लावणाऱ्या परवान्यावर आहे म्हणून त्यात बनवलेलं मॉडेलही जीपीएल होतं का, असं मागे एकाने विचारलं होतं. नाही होत. ती अट प्रोग्रॅमला आहे, तुमच्या कामाला नाही.)

एकदा डोळे उघडल्यावर मी माझ्याकडच्या इतरांच्या मॉडचा सगळा साठाच चाळला. दोनशेच्या वर गाड्या, त्यातल्या निम्म्यांसोबत परवाना सांगणारी वाचा-मला (रीडमी) फाइलसुद्धा नाही. काही तर सरळसरळ दुसऱ्या गेममधून उचललेल्या आहेत: बॉडी सुरेख, आणि फिजिक्स तिसऱ्याच गाडीचं डकवलेलं. त्या उडवल्या. दोष फक्त नीतीचा नव्हता, चालवायलाही त्या भिकार होत्या. एका ट्रॅकवर एनडी म्हणजे 'बदल वाटू नका' अशी अट निघाली. त्याच्या एका कर्बवर (वळणाच्या कडेचा उंचवटा) गाडी विनाकारण उडायची, ते मी माझ्यापुरतं नीट केलं आहे. परवान्याच्या ४.० आवृत्तीत खाजगी बदलाला मुभा आहे, बदललेली प्रत दुसऱ्याला द्यायला नाही. त्यामुळे ती कुणी मागू नका.

गंमत म्हणून अजून एक उद्योग केला. एका मॉडचं फोल्डर कॉपी करून त्याला नवं नाव दिलं, तर गाडी उघडेच ना. डेटा डॉट एसीडी या, गाडीचे आकडे असलेल्या कुलूपबंद फाइलची किल्ली फोल्डरच्या नावावरून बनते. नाव बदललं की किल्ली लागत नाही. कंटेंट मॅनेजर या गेमच्या जोड-प्रोग्रॅमने आतल्या फायली सुट्या करता येतात म्हणा, पण त्या सुट्या झाल्या म्हणून वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. सस्पेन्शनचे आकडे बघून शिकलो आणि फोल्डर बंद केलं.

लाइव्ह फॉर स्पीड या दुसऱ्या रेसिंग गेमवाल्यांचा मला या बाबतीत हेवा वाटतो. तिथे डिसेंबर २०२१ मध्ये मॉड आले ते गेमच्या स्वतःच्या व्यवस्थेतूनच: गाडी आधी तपासली जाते, आणि सर्व्हरवर शिरलात की आपोआप उतरते. तेव्हा त्यासाठी एस३ परवाना (त्या गेमचा विकत घ्यायचा वरचा टप्पा) लागायचा, म्हणजे खेळणाऱ्याचाही परवाना आणि मॉडचाही. आमच्याकडे असेटो कोर्सात एकाची फाइल जुनी निघाली की चेकसम (फाइल तीच आहे का ते पडताळणारा आकडा) जुळत नाही आणि रेस सुरू व्हायच्या आधीच तो बाहेर. (आयरेसिंग या ऑनलाइन गेमवाले 'लायसन्स' म्हणतात ते निराळं प्रकरण. तिथे रुकी या सर्वांत खालच्या पायरीपासून वर चढायला धडका टाळाव्या लागतात. माझं तिथे जमायचं नाही.)

गाडी कल्पनेतली का, हा प्रश्न दर नोंदीला येतो. मोठ्या स्टुडिओंनाही ब्रँडचा परवाना हातात पडेपर्यंत थांबावं लागतं. पोर्शेचे हक्क वर्षानुवर्षे एकाच कंपनीकडे होते, म्हणून कितीतरी रेसिंग गेममध्ये तिच्या जागी रूफ (पोर्शेवर बेतलेल्या गाड्या बनवणारी कंपनी) दिसायची. असेटो कोर्सात पोर्शे आली ती २०१६ मध्ये. मी एकटा माणूस, कशाला बोनेटवर कुणाचा बिल्ला लावू?

सध्याची स्थिती: सीट ऐंशी टक्के, स्टीअरिंग उत्तराच्या प्रतीक्षेत, इंजिनाचा आवाज उसना असल्यामुळे तोही बदलायचाय. लांबून दिसणाऱ्या गाडीसाठी हलकं मॉडेल अजून बनवलेलं नाही, त्यामुळे ग्रिडवर वीस गाड्या उभ्या केल्या की माझ्या मशिनला धाप लागते. रविवारी नव्या सीटसकट माजोनेला दहा लॅप मारणार आहे. टायरचं तापमान कुणी वाचून देणार असेल तर लॉग पाठवतो.