ओव्हन १८० म्हणत होता

केकच्या मध्यात खुपसलेली काडी चौथ्यांदा ओली निघाली, तेव्हा मी रेसिपीला आणि मैद्याला दोष देणं सोडून दिलं. चाळीस मिनिटांत होणारा केक तासाभरानंतरही आत गिळगिळीत आणि वरून पांढराफटक. घरून "तुझा हात बिघडलाय" हा शेराही मिळाला होता. ओव्हनच्या पडद्यावर मात्र ऐटीत १८० चा आकडा.

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर तेव्हा घरात नव्हता, म्हणून आधी साखरेचा प्रयोग केला. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घेतली, ओव्हन २०० वर लावला आणि तापल्यावर वाटी पंधरा मिनिटं आत ठेवली. बाहेर काढली तर दाणा न् दाणा मोकळा. म्हणजे आत २०० नव्हते, १८६ सुद्धा नव्हते.

मग थर्मामीटर आणला. त्यावरही पहिल्या दिवशी मी फसले. ओव्हनने 'तापलो' म्हणून बीप दिली की लगेच काटा बघायचा नसतो. हीटर सतत चालू-बंद होत असतो, त्यामुळे चांगल्या ओव्हनमध्येही तापमान वर-खाली झुलतं. मधल्या जाळीवर, भिंतींपासून लांब थर्मामीटर ठेवला आणि दर पाच मिनिटांनी काचेतून बघून आकडे लिहीत गेले. चाळीस मिनिटांत १४२ ते १६०. सरासरी १५० च्या आसपास. लावले होते १८०.

माझ्या ओव्हनच्या सेटिंगमध्ये तापमान काही अंशांनी सरकवून ठेवायची सोय आहे. मी अधिक २० करून टाकलं आणि विषय संपला असं समजले. दोन आठवडे बरे गेले, मग बिस्किटं पुन्हा कच्ची.

मेकॅनिक आला. दोन-चार बटणं दाबली, दार उघडलं-लावलं आणि म्हणाला, "ताई, बोर्ड गेलाय." एक स्क्रूसुद्धा न काढता. बोर्ड म्हणजे हीटर चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ओव्हनमधला महागातला भाग. मी "कळवते" म्हणून त्याला वाटेला लावलं आणि मल्टीमीटर शोधायला घेतला.

बोर्डाला दोष देण्याआधी आतलं तापमान ओळखणारा सेन्सर तपासायचा होता. तो फार साधा असतो. ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीतून वरच्या बाजूला पेन्सिलीहून बारीक स्टीलची कांडी बाहेर आलेली दिसते, तोच. माझा पीटी-१००० जातीचा आहे. आत प्लॅटिनम असतं आणि शून्य अंशाला त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १००० ओहम. गरम होईल तसा तो अंशामागे पावणेचार-चार ओहम चढतो. १०० अंशांना १३८५, २०० अंशांना साधारण १७५९. बोर्डाला तापमान वगैरे काही कळत नाही. तो ओहम मोजतो आणि अंश समजतो. सगळ्याच ओव्हनमध्ये हीच जात नसते, त्यामुळे आपला सेन्सर कोणता हे आधी पाहायचं.

मेन स्विच बंद करून कांडीचे दोन स्क्रू काढले आणि वायरीसकट ती हळूच पुढे ओढली. मागोमाग दोन पिनांचा कनेक्टर भोकातून बाहेर आला. तो सोडवला, मीटर आणायला वळले, तेवढ्यात बोर्डाकडची वायर सुळकन भिंतीच्या आत. मग अख्खा ओव्हन कपाटातून बाहेर ओढून मागचा पत्रा उघडणं आलं. आता कुणी विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगते: कनेक्टर सोडवायच्या आधी वायरीला दोरा बांध.

सेन्सरवर रीडिंग आलं ११०५. खोलीत २७ अंश होते, म्हणजे आकडा चोख. तरी समाधान होईना. बर्फाच्या पाण्यात कांडीचं फक्त टोक बुडवलं, वायरीची बाजू कोरडी ठेवून. १००१. उकळत्या पाण्यात १३८३. सेन्सर याहून काय खरं बोलणार?

आणि एवढं होऊनही मी नवा सेन्सर मागवला. कारण विचाराल तर नाही सांगता येणार. हातात काहीतरी नवीन असलं की बरं वाटतं. त्याचंही रीडिंग ११०६! बसवला, थर्मामीटर ठेवला, तर सरासरी १७८. मी खूश. तीन केक सुंदर झाले. चौथा परत कच्चा.

सेन्सर जुना काय नि नवा काय, दोघेही निर्दोष. मग नवा लावल्यावर फरक कसा पडला? बराच वेळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की सेन्सर बदलताना मी आणखी एक गोष्ट केली होती. कनेक्टर काढून पुन्हा घट्ट दाबला होता.

आत्तापर्यंतची सगळी मापं थंड असताना घेतलेली आणि ती सुद्धा कनेक्टर सोडवून, नुसत्या सेन्सरची. बोर्डाला काय दिसतं हे पाहिलंच नव्हतं. म्हणून ओव्हन १८० वर अर्धा तास तापवला, बंद केला, मेन स्विच बंद केला आणि मागून बोर्डातून सेन्सरचा प्लग काढून त्या टोकाला मीटर लावला. (वीज पूर्ण बंद असल्याची खात्री दोनदा करावी. बोर्डाशी घरातली थेट वीज येते. पत्राही तापलेला असतो, हातमोजे हवेत.)

काचेतून थर्मामीटर १४० दाखवत होता. त्या तापमानाला १५३६ च्या जवळपास यायला हवं. मीटरवर १७५२. दोनशेहून जास्त ओहम वाटेत कुठूनतरी येऊन मिळाले होते. लाकडी चमच्याच्या दांड्याने कनेक्टर जरासा ढकलला. १७५२ चे १६१० झाले. सोडला, १७९०. पुन्हा ढकलला, १५८०. आकडे असे उड्या मारताना पाहून मी एकटीच मोठ्याने हसले.

रेझिस्टन्स जास्त दिसला की बोर्डाला वाटतं आत खूप तापलंय, आणि तो बिचारा हीटर वेळेआधीच बंद करतो. हीच ती कच्च्या केकची गोष्ट. सगळं गार झाल्यावर त्याच टोकाला मोजलं तर १११८, म्हणजे फक्त तेरा ओहम जास्त, तीन-चार अंशांचा फरक. थंड असताना कुणाच्या नजरेत येणार?

कनेक्टर उघडला. एक पिन तपकिरी-काळी पडलेली, तिला धरणारी पितळी पकड सैल. तापून-गार होऊन तिचा ताण गेला होता. डाग द्यायचा मोह झाला, पण नेहमीचं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं आणि भिंतीच्या मागे किती तापेल याचा भरवसा नाही. साधी इन्सुलेशन टेप तर तिथे ठिबकेल. म्हणून कनेक्टर कापून टाकला, वायरी उच्च तापमानाच्या क्रिम्पने, म्हणजे दाबून घट्ट बसवायच्या धातूच्या नळीने, जोडल्या, वर सिरॅमिकच्या टोप्या आणि काचतंतूची नळी. वीस मिनिटांचं काम. बोर्डाला हातही लावला नाही.

गरम ओव्हनवर पुन्हा मोजलं, आकडा स्थिर. मोठ्या थाटात केक ठेवला. पंचविसाव्या मिनिटाला करपल्याचा वास. वरचा थर काळा, आत कोरडाठाक.

ते अधिक २०. सेटिंगमध्ये मीच करून ठेवलेलं आणि साफ विसरलेलं. ओव्हन आता इमानदारीत २०० अंश देत होता. मघाचा तो १७५२ सुद्धा १८० चा नव्हे, जवळजवळ २०० चा आकडा होता. समोर असून दिसला नाही. नव्या सेन्सरनंतरचे १७८ ही तसेच: सैल पिन तापमान खाली ओढत होती, माझे वीस अंश वर ढकलत होते आणि दोघांनी मिळून तीन केक साधले होते.

सेटिंग शून्यावर आणलं. थर्मामीटर ठेवून पुन्हा चाळीस मिनिटं आकडे लिहिले: १७१ ते १९०. जुना सेन्सर खणात आहे, नवा भिंतीत.