हल्ला जमला, पण खूण कुठे राहिली?

सायबर सुरक्षा हा विषय घेतलेली इंजिनिअरिंगची मुलं पहिल्याच आठवड्यात काली लिनक्स (हल्ल्याची हत्यारं आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टीम) उतरवून घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात एखादं हत्यार चालवून बघतात. व्हिडिओत दिसलं तसं आपल्या स्क्रीनवर दिसलं की प्रयोग झाला, जर्नल लिहून मोकळं. व्हायव्हाला मात्र "समोरच्या यंत्रावर याची काय खूण राहिली?" असं विचारलं की गाडी अडते. माझ्या मते हा विषय तिथूनच सुरू होतो. प्रत्येक प्रयोग दोन खुर्च्यांवर बसून करा: आधी हल्लेखोराच्या, मग नोंदी वाचणाऱ्याच्या.

त्यासाठी महागडी लॅब लागत नाही. ८ जीबी रॅम आणि ६० जीबी मोकळी जागा असलेला लॅपटॉप पुरतो. लॅपटॉपच्या आत आभासी यंत्रं चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका, कालीला २ जीबी रॅम द्या. सावज म्हणून मेटास्प्लॉइटेबल २ हे सरावाचं तयार यंत्र घ्या, ते ५१२ एमबीत चालतं. त्याची डिस्क व्हीएमवेअरच्या स्वरूपात येते, म्हणून नवं यंत्र बनवताना "आधीची डिस्क वापरा" हा पर्याय निवडून ती जोडायची. यंत्र सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते आधी बघा. सुरू होऊन रांगत असेल आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत असेल, तर विंडोजची स्वतःची आभासी यंत्रांची सोय, हायपर-व्ही, मध्ये आलीय. ती बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

नेटवर्कची निवड सगळ्यांत महत्त्वाची. दोन्ही यंत्रं "होस्ट-ओन्ली"वर ठेवा, म्हणजे ती फक्त एकमेकांशी आणि तुमच्या लॅपटॉपशी बोलतील. बहुधा १९२.१६८.५६ ने सुरू होणारे पत्ते मिळतील. मेटास्प्लॉइटेबल मुद्दाम भोकं पाडून बनवलेलं आहे. ते "ब्रिज्ड"वर टाकलं की हॉस्टेलच्या वायफायवरच्या प्रत्येकाला तो उघडा दरवाजा दिसतो. कालीला अपडेट हवे असतील तेवढ्यापुरतं दुसरं अडॅप्टर नॅटवर (लॅपटॉपच्या आडून इंटरनेटला जाणाऱ्या जोडणीवर) लावा आणि काम झालं की काढा. कॉलेजच्या नेटवर्कवर लेखी परवानगीशिवाय काहीही स्कॅन करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ विनापरवानगी शिरकावाबद्दल आहे. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "सर, मी फक्त बघत होतो" हे कुणाला समजावत बसायची वेळ स्वतःवर आणू नका.

पहिला प्रयोग पोर्ट स्कॅनचा, म्हणजे यंत्राचे कोणते पोर्ट (सेवांचे क्रमांकित दरवाजे) उघडे आहेत ते तपासण्याचा. कालीवर पॅकेट टिपणारं वायरशार्क सुरू करून मगच पोर्ट तपासणारं एनमॅप चालवा. रूटचे (यंत्रावरचे सर्वोच्च) अधिकार असतील तर एनमॅप अर्धवट जोडणीचा स्कॅन करतं. उघड्या पोर्टवर तीन पॅकेट दिसतील: आपलं सिन (जोडणीची विनंती), त्यांचं सिन-अ‍ॅक (होकार) आणि आपलं रिसेट (जोडणी तोडण्याचा निरोप). बंद पोर्टवर दोनच: सिन, आणि लगेच समोरून रिसेट. मध्ये फायरवॉल असेल तर बहुधा उत्तरच येत नाही, एनमॅप त्याला "फिल्टर्ड" म्हणतं. उघड्या पोर्टवरचं आपलं रिसेट एनमॅपने पाठवलेलं नसतं. कालीच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) या जोडणीचा पत्ताच नसतो, म्हणून अनपेक्षित सिन-अ‍ॅक आलेलं पाहून तोच रिसेट पाठवून ते झटकून टाकतो. हे व्हायव्हात सांगता आलं तर परीक्षकाला कळतं की तुम्ही पॅकेट खरंच पाहिलंय.

आता खुर्ची बदला. मेटास्प्लॉइटेबलवर जाऊन ऑथ लॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) उघडा. अर्धवट स्कॅनची एकही ओळ सापडणार नाही, कारण जोडणी पूर्ण झाल्याशिवाय कर्नल ती एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या हाती देतच नाही. मग तोच स्कॅन -sT हा पर्याय देऊन चालवा. एनमॅप पूर्ण जोडणीच्या पद्धतीवर येतं आणि आता लॉगमध्ये एसएसएच तक्रार करतं: अमुक पत्त्यावरून ओळख सांगणारी ओळच आली नाही. हत्यार एकच, पण एका वेळी नोंद आहे आणि दुसऱ्या वेळी नाही. अर्धवट स्कॅन पकडायचा तर सेवेच्या लॉगवर विसंबून चालत नाही, नेटवर्कवर नजर ठेवावी लागते. हा एक प्रयोग नीट केला की सुरक्षेसाठी पॅकेट का टिपून ठेवायचे, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

दुसरा प्रयोग २१ क्रमांकाच्या पोर्टवरचा. तिथे व्हीएसएफटीपीडी या फाइल देवाणघेवाणीच्या (एफटीपी) सर्व्हरची २.३.४ ही आवृत्ती बसलेली असते. २०११ मध्ये या आवृत्तीच्या डाउनलोड फाइलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. वापरकर्त्याच्या नावाच्या शेवटी अपूर्णविराम आणि बंद कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकली, की ६२०० क्रमांकाचं पोर्ट रूटच्या अधिकारासह उघडतं. मेटास्प्लॉइट या तयार हल्ल्यांच्या हत्याराने हे काही सेकंदांत होतं, पण आधी हाताने करा आणि वायरशार्कमध्ये तो संवाद उलगडून पाहा. एफटीपी काहीच झाकत नसल्यामुळे हसरा चेहरा पॅकेटमध्ये जसाच्या तसा दिसतो. दुसऱ्यांदा करायला गेलात तर बऱ्याचदा फसतं, कारण ६२०० आधीच उघडं राहिलेलं असतं. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट (यंत्राच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घ्यायचा आणि नंतर मागे जायचं. त्या बनावट फाइलची डिजिटल सही तपासली असती तर ती जुळली नसती, हेही जर्नलमध्ये लिहा.

जर्नलमध्ये प्रत्येक कृतीपुढे वेळ हवी. दोन यंत्रांची घड्याळं क्वचितच जुळतात. एक यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दाखवतं, दुसरं भारतीय वेळ, आणि साडेपाच तासांच्या फरकात घटनाक्रम उलटापालटा होतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं जुळवणं, १८० दिवसांचे लॉग जपणं आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून सहा तासांत त्या कळवणं या तिन्ही गोष्टी आहेत. जुळलेलं घड्याळ नसेल तर घटना कधी सुरू झाली हेच सांगता येत नाही.

गणिताला घाबरून क्रिप्टोग्राफी सोडून देऊ नका. आरएसए ही सार्वजनिक आणि खाजगी अशा दोन किल्ल्यांची पद्धत आधी कागदावर करा. ५ आणि ११ घ्या, गुणाकार ५५. एकेक कमी करून गुणलं की ४०. सार्वजनिक घातांक ३, खाजगी २७, कारण त्यांच्या गुणाकाराला, ८१ ला, ४० ने भागल्यावर बाकी १ उरते. संदेश २ असेल तर त्याचा घन ८. आठचा २७ वा घात करून ५५ ने भागा, बाकी पुन्हा २. आता थोडं थांबा. ८ ही संख्या ५५ पेक्षा लहानच राहिली, म्हणजे चोराला किल्लीची गरजच नाही, घनमूळ काढलं की झालं. शिवाय तोच संदेश दर वेळी तोच आकडा देतो. प्रत्यक्षात संदेशात यादृच्छिक भर का घालतात, ते या दोन ओळींतून समजतं.

हे जमलं की पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ चं प्रकरण अभ्यासाला घ्या. ११ तारखेला, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघाले आणि १३ ला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपजाळ्यामार्गे हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या खऱ्या कोअर बँकिंगपर्यंत (खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य प्रणालीपर्यंत) पोचल्याच नाहीत, मधल्या बनावट यंत्रणेनेच त्या मंजूर केल्या. एका कागदावर एटीएम, कार्ड नेटवर्क, स्विच (विनंत्या बँकेच्या आत पुढे पाठवणारी यंत्रणा) आणि कोअर बँकिंग अशी चार खोकी काढा. प्रत्येक टप्प्यावर कोणती नोंद उमटायला हवी होती ते लिहा. मग कार्ड नेटवर्ककडचे मंजूर व्यवहार आणि खात्यांत नावे पडलेल्या रकमा किती वेळाने ताडून बघायच्या, आणि शनिवारी दुपारी फरक दिसला तर पहिला फोन कुणाला करायचा, हे ठरवा.