थंडीचा गुलाबी आणि गॅसचा गुलाबी

संध्याकाळचं विमान होतं, म्हणून मोठा भाऊ सकाळपासून घाई करत होता. धाकट्याची बॉडी रात्रभर आमच्या शवागारात होती. दाखल्यावर कारण लिहिलेलं, हृदयविकार. विमानाने न्यायचं तर एम्बामिंग हवं, म्हणजे बॉडी टिकावी म्हणून आत औषधी द्रावण भरणं, आणि ती खोली आमच्या शेजारचीच.

या दोन जागांमध्ये लोक नेहमी गल्लत करतात. शवागाराचं काम बॉडी आहे तशी राखायचं. मनगटाला आणि पायाच्या अंगठ्याला नावाची पट्टी, रजिस्टरला नोंद, मग ट्रे आत. तापमान २ ते ४ अंश. बेवारस बॉडी बरेच दिवस ठेवायची असेल, तर शून्याच्या खूप खालचा कप्पा. पलीकडे शवविच्छेदनाचं टेबल, स्टीलचं, पायाकडे जरा उतरतं म्हणजे पाणी वाहून जातं, बाजूला अवयव तोलायचा काटा. सिनेमातला निळसर अंधार कुठेच नसतो हो, उलट उजेड इतका लख्ख की सावलीसुद्धा धड पडत नाही.

एम्बामिंगच्या खोलीत मात्र बॉडीत बदल करायचाच असतो. मानेतली किंवा मांडीतली धमनी उघडून पंपाने फॉर्मॅलिनचं द्रावण सोडतात, शिरेवाटे रक्त बाहेर काढतात. आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात. फडताळात कंगवा, दाढीचं सामान, पावडर. द्रावणात बहुतेक वेळा गुलाबी रंगही असतो, चेहरा पांढराफटक दिसू नये म्हणून.

पट्टी तपासायला मी ट्रे ओढला आणि बॉडी जरा कुशीवर केली. पाठीवरचे डाग लालचुटुक. मेल्यावर रक्त खालच्या अंगाला उतरतं, तिथे एरवी जांभळट डाग पडतात. असे लाल दिसले की विषारी गॅसची शंका येते. पण थंडीतही ते गुलाबी होतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून काहीच ठरत नाही. तरी नखं पाहिली. तीही गुलाबी. बाहेर येऊन भावाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरीच गेले का?"

"बाथरूममध्ये. आंघोळीला गेला तो बाहेरच आला नाही."

"गीझर गॅसचा आहे?"

"हो. का?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "त्याच्या बायकोनेही सकाळी आंघोळ केल्यापासून डोकं धरलंय, दोनदा उलटी झाली. रडून रडून झालं असेल."

मी सरळ मॅडमना फोन लावला. पोस्टमॉर्टेम त्याच करतात.

"द्रावण चढवलं का?"

"नाही."

"कुणाला हात लावू देऊ नका. आणि त्या बाईंना आधी कॅज्युअल्टीत पाठवा, बॉडीचं नंतर बघू."

फॉर्मॅलिन एकदा शिरांत गेलं की रक्ताचा खरा नमुना मिळत नाही, पुष्कळ विषांच्या तपासण्या निकामी होतात, आणि वर तो रंग. एम्बामर बिचारा हातमोजे घालून तयार होता. दाखल्यावर सही आहे म्हटल्यावर त्याने तरी का थांबावं? चूक असली तर न बघता हृदयविकार लिहिणाऱ्याची, असं माझं मत.

भाऊ भडकला. "दाखला असताना चिरफाड कशाला?" मॅडमनी त्याला बाजूला बसवून समजावलं. तोवर पोलिसांना कळवलं होतं. पंचनामा, मग पोस्टमॉर्टेम. विमान अर्थातच गेलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं होतं. बायकोच्या रक्तातही तो निघाला. तिला मास्क लावून ऑक्सिजनवर ठेवलं. तोच गीझर, खिडकी बंद, आणि वायूला ना वास ना रंग.

पोस्टमॉर्टेमनंतरचं एम्बामिंग फार किचकट. आतल्या रक्तवाहिन्या कापलेल्या असतात, एका जागी पंप लावून भागत नाही. मानेच्या दोन्ही बाजू, दोन्ही हात, दोन्ही पाय, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळा पंप लावून द्रावण सोडायचं, अवयवांवर वेगळं काम, आणि टाक्यांतून गळतं ते पुन्हा बंद करायचं. एम्बामर रात्रभर कुरकुरत होता. काम मात्र चोख केलं.

दुसऱ्या दिवशी बायकोला सोडलं, पेटी सीलबंद झाली. कागदांवर सह्या करताना भावाने मान वर न करता विचारलं, "तो गीझर काढायला कुणाला सांगू?" मी माझ्या ओळखीच्या प्लंबरचा नंबर दिला.