डाऊनीचं पान, एक लेन्स आणि दोन कॅमेरे

द्राक्षबागांना सल्ला देणारे एक सर नोव्हेंबरात निकॉनचा एफएम२ हा फिल्म कॅमेरा माझ्या दुकानात दुरुस्तीला घेऊन आले. शटर तपासून द्या म्हणाले, आणि सांगा, हा ठेवू की विकून डिजिटल घेऊ? रोगट पानं, घड, काड्या यांची सगळी नोंद त्यांनी फिल्मवर ठेवली आहे. बरोबर दोन लेन्स होत्या, जवळून फोटो काढायची ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो आणि एक रुंद चौकटीची २८ मिमी. छाटणीनंतर अवेळी पाऊस झाला होता, नाशिकजवळच्या दिंडोरीकडच्या बागांत डाऊनी हा द्राक्षाचा बुरशीजन्य रोग दिसायला लागला होता आणि त्यांना फोटो आजच्या आज हवे होते.

कॅमेऱ्यात फारसं काही बिघडलेलं नव्हतं. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम चिकट होऊन सुटत होता, म्हणून काही फ्रेमच्या कडेला केशरी पट्टा येत होता. जुना फोम खरवडून, स्पिरिटने खाच पुसून नवा बसवला. आरसा वर आदळतो तिथला फोमही बदलला. शटरच्या वेगात चूक नव्हती. १९८२ पासूनचं हे मॉडेल, पण सगळे वेग यांत्रिक, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती. अशा कॅमेऱ्याला कुणी भंगार म्हटलं की मला राग येतो.

पण विकायचा की ठेवायचा, हे काउंटरवर बसून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर प्लॉटवर गेलो. दुकानातला वापरलेला डिजिटल निकॉन डी७५० घेतला होता. त्यांचीच मायक्रो लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर आलटून पालटून लावायची, म्हणजे फरक दिसेल तो फिल्म आणि सेन्सरचाच.

डी७५० मुद्दाम निवडला होता. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, १९५९ पासूनचा आहे आणि १९७७ नंतरच्या एआय लेन्स (सरांच्या होत्या तशा, ॲपर्चर म्हणजे उजेडाचं छिद्र रिंगने ठरवणाऱ्या) जवळजवळ सगळ्या डीएसएलआरवर बसतात, पण बसणं वेगळं आणि मीटर चालणं वेगळं. डी३०००, डी५००० मालिकेत एआय लेन्सवर मीटर बंद असतो, सगळं अंदाजाने. डी७२०० वर चालतो. त्याच्यानंतर आलेल्या डी७५०० मधून मात्र ॲपर्चर रिंगचा आकडा वाचणारी माउंटवरची पट्टीच काढून टाकली आहे. नवं ते चांगलं म्हणून घेतलेला कॅमेरा इथे फसवतो. डी७२०० स्वस्त पडतो, लहान सेन्सरमुळे पानावरचा डाग त्यात अधिक मोठाही येतो. पण २८ मिमीची चौकट त्यात ४२ मिमीसारखी अरुंद होते, ओळीचा फोटो काढताना मागे सरकायला जागा उरत नाही. शिवाय त्याचा स्क्रीन पक्का बसवलेला. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते, मान मोडून खालून बघावं लागतं. डी७५० चा स्क्रीन वर-खाली झुकतो, एवढ्या कामासाठी ते पुरेसं आहे.

मेनूत नॉन-सीपीयू (चिप नसलेल्या) लेन्सचा डेटा उघडून ५५ आणि २.८ हे आकडे भरले, मोड ए ठेवला, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवायचं आणि वेग कॅमेऱ्याने. ए सोडला तर एआय लेन्सवर फक्त एम, म्हणजे सगळं हाताने, चालतो; पी आणि एस विसरायचे.

द्राक्षवेलींच्या मंडपाखाली गेल्यावर पहिल्याच पानाने निकाल जवळपास लावला. एफएम२ मध्ये आयएसओ २०० ची, म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील, कलर निगेटिव्ह होती. लेन्स अर्ध्या आकारापर्यंत, म्हणजे १:२ वर नेली की प्रकाश सव्वा स्टॉपच्या आसपास कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). कॅमेऱ्याचा मीटर तो धरतो, हातातला मीटर धरत नाही. एफ/११ ला (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) वेग आला १/८ सेकंद. एफ/११ पेक्षा उघडायची सोय नाही, कारण या अंतरावर फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम ४ मिलिमीटर असते आणि द्राक्षाचं पान त्याहून जास्त वळलेलं असतं. एफ/१६ ला जाडी थोडी वाढते, पण १:२ वर तो प्रत्यक्षात एफ/२४ होतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. १/८ ला हात थरथरतो, तिपाई लावली तरी वाऱ्याची एक झुळूक पुरते.

म्हणून सर इतकी वर्षं फ्लॅश लावत होते. आणि त्यांच्या जुन्या प्रिंटमध्ये डाऊनी नीट ओळखू येत नाही, ही त्यांची तक्रार तिथूनच येते. डाऊनीचा पहिला डाग तेलकट पिवळा, अर्धपारदर्शक असतो. पान उजेडासमोर धरलं तर तो ठळक उठतो, समोरून फ्लॅश मारला की पृष्ठभागाची चकाकी त्याच्यावर चढते आणि डाग हिरव्यात मिसळतो. खालची पांढरी बुरशी तर फ्लॅशने सपाट चुना फासल्यासारखी येते, तिचे तंतू दिसत नाहीत. मग भुरी (दुसरा पांढऱ्या बुरशीचा रोग) की डाऊनी, असा वाद प्रिंटवरून मिटत नाही.

डी७५० वर आयएसओ ३२०० केला. चार स्टॉप मिळाले, वेग १/१२५. फ्लॅश पिशवीत. पान काडीवरून न तोडता आकाशाच्या बाजूला धरलं, ॲपर्चर उघडून लाइव्ह व्ह्यू मोठा करून डागाच्या कडेवर फोकस केला, मग रिंग एफ/११ वर आणली आणि श्वास रोखून बटण दाबलं. स्क्रीनवर पिवळा डाग, त्यातल्या शिरा, कडेचा हिरवा, सगळं होतं. सरांनी स्क्रीनवरच बोट ठेवून बागायतदाराला डाऊनी दाखवला आणि फवारणीचं तिथेच ठरलं. हवा अनुकूल असेल तर या रोगाची पुढची फेरी पाच-सात दिवसांत उठते. रोल मुंबईला धुवायला पाठवून परत यायलाच तेवढा वेळ जातो.

फिल्म सरस ठरली ती उजेडाच्या बाबतीत. पानामागून आकाश डोकावत होतं. डी७५० च्या पहिल्या फ्रेममध्ये ते जळालं, आणि त्याहून वाईट म्हणजे पिवळा डागही जळाला, फिका लिंबूसारखा. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही चॅनेल वर असतात, त्यातला लाल आधी संपतो आणि रंग सरकतो. उजेडाचं वाटप दाखवणाऱ्या साध्या एकरंगी हिस्टोग्रामवर हे कळतच नाही, तिथे आलेख छान मधोमध दिसतो. प्लेबॅकमध्ये लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू केला तेव्हा लाल आलेख उजव्या भिंतीला टेकलेला दिसला. उजेडाला −१ स्टॉपची भरपाई दिली, रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घेतलं, रंग जागेवर आला. रोल आल्यावर त्याच पानाची फ्रेम पाहिली, ती एक स्टॉप जास्त दिलेली होती तरी आकाशातले ढग शाबूत. निगेटिव्ह जास्त उजेड दोन-तीन स्टॉप सहज पचवते, कमी उजेड सहन करत नाही. डिजिटलचं बरोबर उलटं. फिल्मवाल्याच्या बोटांत मुरलेली ‘थोडं जास्त द्या’ ही सवय डिजिटलवर घात करते, आणि बदल करणाऱ्याला कॅमेऱ्यापेक्षा हीच सवय जास्त महागात पडते.

नाशिकच्या रामकुंडावर भर दुपारी यात्रेकरूंचे फोटो काढणाऱ्याला मी डिजिटल घ्याच, असं कधी म्हणणार नाही. पांढरी धोतरं, काळा दगड, पाण्यावरचं ऊन, हे निगेटिव्हचं राज्य आहे, आणि तिथे एफ/१६ ला १/२५० मिळतो.

रंगाचाही प्रश्न होता. मंडपाखाली उजेड पानांतून गाळून हिरवा होऊन येतो. रोलच्या स्कॅनमध्ये लॅबच्या यंत्राने तो हिरवा जास्त आहे असं समजून जांभळट सुधारणा केली आणि एकाच पानाच्या लागोपाठच्या दोन फ्रेम दोन रंगांच्या आल्या. डी७५० वर पानाच्या जागी राखाडी कार्ड धरून व्हाइट बॅलन्स मोजून घेतला, त्या ओळीपुरता तोच ठेवला. ओळ बदलली की पुन्हा मोजायचा. तपशिलाचं म्हणाल तर १ सेंटिमीटरचा डाग १:२ वर ५ मिलिमीटर उतरतो, डी७५० वर तो सुमारे ८४० पिक्सेल. फिल्म ४००० डीपीआयने स्कॅन केली तर ७९० च्या घरात, पण लॅबच्या नेहमीच्या ३००० बाय २००० च्या स्कॅनमध्ये निम्माच. फिल्मचा तपशील कित्येकदा निगेटिव्हवर असतो आणि स्कॅनमध्ये हरवतो.

सरांनी डी७५० घेतला. घेण्याआधी शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते बघितलं, कारण या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहिली. गंधकाची धुरळणी चाललेल्या बागेत लेन्स बदलायची नाही, असं बजावलं. फिल्मला दर फ्रेमला नवी जागा मिळते, सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक पानावर डागासारखा दिसत राहतो, आणि डाग मोजणाऱ्याला ते परवडत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी रॉ लिहायला लावलं. पहिली फ्रेम प्लॉटच्या पाटीची, ज्यावर गट नंबर, जात आणि छाटणीची तारीख असेल.

एफएम२ विकला नाही. बॅटऱ्या काढून, शटर न भरता, सिलिका जेलच्या डब्यात गेला. जुन्या निगेटिव्ह आता याच लेन्सने उतरवतो आहोत. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे २७.५ मिमीची पीके-१३ रिंग लावली की ती पूर्ण १:१ होते आणि ३६ बाय २४ मिलिमीटरची फ्रेम डी७५० च्या सेन्सरवर अगदी मावते. आयएसओ १००, एफ/८, खाली लाइटपॅड, निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवून त्यात लेन्स मधोमध दिसेपर्यंत कॅमेरा समपातळीत आणायचा. दोन फ्रेममधल्या कोऱ्या नारिंगी पट्टीवर व्हाइट बॅलन्स घेऊन मगच रंग उलटायचे.