पाण्यात पाय

आम्ही चौघी. त्यातली एक जन्मभर बँकेत होती, त्यामुळे त्या दिवसाचा तक्ता तयार होता. सकाळी पिएंझा, अकराला सान क्विरिको, जेवायला मोंताल्चिनो, परतताना मोंतेपुल्चानो. इटलीत, टस्कनीतल्या आमच्या शेतघराच्या फ्रिजवर तो दोन दिवस आधीपासून चिकटवलेला होता. त्यातलं एकच ठिकाण झालं. दुसरं जे झालं, ते तक्त्यात नव्हतंच.

पिएंझा म्हणजे एका पोपनं जन्मगावाची पुरवलेली हौस. गाव मूळचं कोर्सिन्यानो. १४५८ साली गावचा मुलगा दुसरा पायस या नावानं पोप झाला आणि त्यानं रोसेलिनो या वास्तुरचनाकाराकडून चौक, चर्च, वाडा, सगळं बांधून घेतलं. वर गावाला स्वतःचं नाव दिलं. गावचा मुलगा मोठा झाला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे काम देखणं झालं, एवढाच फरक. खर्च मात्र अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. त्यावर पोपनं रोसेलिनोला, खरा आकडा लपवलास ते बरंच केलंस, नाहीतर हे उभंच राहिलं नसतं, असं म्हटल्याचं त्यानं स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. बँकवाली हे ऐकून अस्वस्थ झाली. चर्चची मागची बाजू पहिल्यापासून दरीकडे खचतेय, हे मी तिला सांगितलं नाही.

गल्लीगल्लीत पेकोरिनोचा वास. मेंढीच्या दुधाचं हे चीज. कोवळं असेल तर मऊ, मुरलेलं असेल तर दाताशी भांडणारं. मुरलेला एक तुकडा घेतला आणि तिथलाच पाव. पावात मीठच नाही! विसरले असतील म्हणावं, तर सगळ्या टस्कनीत तो तसाच. नुसता खाल्ला तर आजारपणातलं जेवण वाटतं. पण खारट चीजचा तुकडा वर ठेवला, की मीठ का घातलं नाही ते कळतं.

सान क्विरिकोकडे जाताना एकीचा गुडघा बोलू लागला आणि तेवढ्यात पाटी दिसली : बान्यो विन्योनी. गरम पाण्याचं गाव. गाडी वळली.

गावाच्या चौकात चौकच नाही. फरसबंदीच्या जागी भलंमोठं दगडी कुंड, आणि पाणी जमिनीतून येतं ते पन्नास अंशांच्या आसपास. माझं आजोळ संगमेश्वराकडचं. तुरळ-राजवाडीच्या कुंडांवर आजी आम्हाला न्यायची, त्यामुळे मला इथे एकदम घरचं वाटलं. फक्त कुणी साबण घेऊन बसलेलं नव्हतं. कुंडात उतरायला आता बंदी आहे.

काठावर सिएनाच्या संत कॅथरीनची आठवण जपलेली आहे. पोरगी अंगाला फार क्लेश देते, जरा मन रमावं, म्हणून आईनं तिला इथे स्नानाला आणलं. तर ही मुद्दाम पाणी सर्वांत कढत असेल तिथे जाऊन बसायची. बिचारी आई. पुढे १४६१ मध्ये कॅथरीनला संतपद दिलं ते याच पिएंझाच्या पोपनं.

कुंडातलं पाणी पाटांतून गावाबाहेर कड्याकडे जातं. तिथे खडकात कोरलेल्या जुन्या गिरण्या आहेत. उन्हाळ्यात इतर ओढे आटले तरी हा झरा वाहायचा, म्हणून या चालत राहायच्या. तिथवर पाणी सोसवेल इतकं निवतं. आम्ही चपला काढल्या, सलवारी वर खोचल्या आणि पाटाच्या काठावर ओळीनं बसलो.

पन्नाशी उलटलेल्या बायकांचे पाय कुणी बघत नाही, आम्हीसुद्धा नाही. त्या दिवशी आठ पाय स्वच्छ पाण्यात ओळीनं दिसले. कुणाची वाकडी करंगळी, कुणाच्या निळ्या शिरा, भेगा, लग्नातल्या जोडव्यांचा वण. आमच्यातली वकीलबाई म्हणाली, "तुझे पाय अगदी तुझ्या आईसारखे झालेत गं." तिनं माझ्या आईचे पाय कधी बघितले असतील कोण जाणे. पण बघितले होते. कॉलेजात असताना ती आमच्याकडे जेवायला यायची, तेव्हा आई पाटावर बसून वाढायची.

मग कुणी फारसं बोललं नाही. बँकवालीनं पर्समधली तक्त्याची दुसरी प्रत काढली, पसरली आणि तिच्यावर चीज कापलं. समोर ओर्चा नदीचं खोरं, पलीकडे टेकड्या. तीन वाजले, चार वाजले. मोंताल्चिनो कधीच मागे पडलं होतं, आणि टॉवेल कुणीच आणला नव्हता, त्यामुळे पाय वाळेपर्यंत तरी बसणं भाग होतं. वाळत आले की कुणीतरी परत पाण्यात सोडायचं.